निरगाठ

जाहेदानला पहाटे वारा सुटला की
प्रयोगशाळेच्या खिडक्यांना मी ओले टॉवेल लावते.
तरी धूळ येतेच,
सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर बोटानं नाव लिहावं इतकी.

त्या धुळीतून दुर्रबीबी आली, खाशच्या बसनं,
थर्मास कडेवर घेऊन.
बर्फ नको, नुसती सावली हवी,
असं मी फोनवर सांगितलं होतं,
तर हिनं वरून स्वतःची ओढणीही गुंडाळलेली.
आत निळ्या बुचाची नळी, खुणेपर्यंत भरलेली.
बरं झालं.
थोडं कमी असतं तर मला परत पाठवावं लागलं असतं,
आणि अकरा दिवसांच्या पोराकडे
पुन्हा कुठल्या तोंडानं मागायचं?

चिठ्ठीवर : हम्मल, माहगंजचा.
नाळ गळली. बेंबी थांबत नाही.

पहिली चाचणी, तेरा सेकंद.
दुसरी, चाळीस.
एवढ्याशा जिवाला शोभेल असंच.
प्लेटलेट भरपूर.
घाईत असते तर इथंच सही ठोकली असती :
रक्त गोठतंय, काळजी नसावी.

पण गोठणं म्हणजे काय?
सुरगाठही गाठच असते, ओढली की सुटणारी.
रक्त आधी तशीच मारतं.
मग शेवटी तेरावा घटक येतो
आणि गाठ आवळतो.
बाकीचे सगळे वेळेवर हजर, आपापल्या पाळीला,
तो एक आला की नाही
हे घड्याळाला कळत नाही.

म्हणून युरिया. शेतात टाकतात तोच, फक्त चोख तोललेला.
एका नळीत हम्मलची गाठ सोडली,
शेजारच्या नळीत माझी,
दातात पट्टा धरून डाव्या हातानं काढलेल्या रक्ताची,
कारण तपासाला एक धडधाकट माणूस लागतं
आणि त्या वेळी मीच होते.

चोवीस तास.
दुर्रबीबी बाहेरच्या बाकावर. घरी जा म्हटलं, नाही गेली.
रात्री चहा नेऊन दिला तेव्हा बोलली,
माझ्याकडे न बघता :
माहगंजची पहिली, आठ वर्षांमागं.
मग तीन वर्षांनी मुलगा.
दोघांची नाळ हिनंच बांधलेली, काळ्या दोऱ्यानं.
दोघंही बेंबीतून गेली.
गाव म्हणालं, म्हातारीची गाठ सैल.
त्यानंतर कुणाच्याही दारातून बोलावणं नाही.
हम्मलच्या वेळी तर दवाखाना होता, प्लास्टिकचा चिमटा,
डॉक्टरीणबाईंचे तरुण हात.
तरीही.

सकाळी टॉवेल काढून उजेड आत घेतला.
माझी गाठ होती, तळाशी,
जेलीच्या तुकड्यासारखी, जराशी मळकट.
हम्मलच्या नळीत
पाणी.

नळी तिरकी केली, हलवली, चष्मा पुसून पुन्हा बघितली.
पाणीच.
खाशला फोन लावला : पिशवी वितळायला ठेवा, आत्ता.
पुढे महिन्यातून एकदा सुई, जन्मभर,
आणि पोरगं शाळेत जाईल, गुडघे फोडून घेईल.

मग दोन्ही नळ्या घेऊन बाहेर गेले.
असं करायचं नसतं.
तिनं खिडकीकडे धरून बघितल्या, खूप वेळ.
"म्हणजे माझी गाठ?"
"पक्की होती. आतली नव्हती."
"दोन्ही वेळा?"

त्या दोघांचं रक्त मी पाहिलेलं नाही.
आठ वर्षांपूर्वी मी इथं नव्हतेही.
जे तपासलं नाही ते अहवालात लिहिता येत नाही,
पहिल्याच दिवशी शिकवतात हे.
पण अहवाल तेव्हा छापलेला नव्हता.

"दोन्ही वेळा," मी म्हटलं.

तिनं ओढणी झटकली, धूळ उडाली.
थर्मास उचलला, झाकण फिरवून घट्ट केलं,
आणि विचारलं,
खाशची बस किती वाजता सुटते.